बारावीला ६८ टक्के, श्रेणीसुधारला बसू का? बीएस्सी स्टॅट्स हवंय

काठावरची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. ५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला, महाराष्ट्र बोर्ड, सायन्स. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, म्हणजे नापास होणंच अवघड होतं असं आमच्याकडे सगळे म्हणतायत, आणि मी ६०० पैकी ४०९ घेऊन बसलेय. ६८.१७. गणित ५२, फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६१, इंग्रजी ७१, मराठी ८२, भूगोल ८५. बायो घेतलं नव्हतं.
मला इंजिनिअरिंग नकोय. सीईटी दिलीय पण ती बाबांसाठी. मला बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स करायचंय, आणि ज्या कॉलेजात करायचंय तिथे बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. गेल्या वर्षीची यादी बघितली तर ओपनची शेवटची मुलगी ऐंशीच्या घरात होती. म्हणजे मी बारा-तेरा टक्क्यांनी बाहेर.
कॉलेजातले क्लार्ककाका म्हणाले की सगळ्या विषयात पास असलीस तरी श्रेणीसुधारचा फॉर्म भरून परत बसता येतं. जून-जुलैला एकदा, मग फेब्रुवारी-मार्च २०२६, मग परत जून-जुलै २०२६, अशा लगतच्या तीन संधी आहेत. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते बस परत, एक वर्ष म्हणजे काही आयुष्य नाही. बाबा म्हणतात सीईटीचा निकाल येऊ दे, मिळेल त्या इंजिनिअरिंगला जा, पास झालेल्या परीक्षेला परत बसतं का कुणी, लोक काय म्हणतील. माझं डोकं बंद पडलंय. कुणी बसलंय का असं पास होऊन परत? मार्क खरंच वाढतात का? आणि जूनलाच बसू का वर्ष थांबू? फॉर्मची मुदत थोडेच दिवस आहे म्हणून जरा लवकर सांगा प्लीज.

रिकामटेकडा
गणितात ५२ आणि करायचंय स्टॅटिस्टिक्स 😄 भूगोलात ८५ आहेत तर भूगोल कर की. (गंमत करतोय, रागावू नकोस. उत्तरं वाचायला थांबलोय, आमच्या घरी पण एक नमुना आहे.)

दोनदा_ड्रॉप
मी बसलोय. पास होऊन परत. आणि माझ्याइतका मूर्खपणा कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो.
मला बारावीला ६४ होते, पीसीबीला ६२ च्या आसपास. डॉक्टर व्हायचं होतं, नीटमध्ये मार्क कमी आले म्हणून ड्रॉप घेतला आणि घेतलाच आहे तर बारावीचं पण सुधारून टाकू म्हणून श्रेणीसुधारचा फॉर्म भरला. कारण काय तर काका म्हणाले होते ६४ टक्के घेऊन मेडिकलला कोण उभं करतं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत माझा अर्धा वेळ बोर्डाची उत्तरं पाठ करण्यात गेला, इंग्रजीचं अप्रीसिएशन आणि मराठीचं उपयोजित लेखन करत बसलो होतो मी, नीट मेमध्ये असताना. बारावीचे ७१ झाले. घरी पेढे. आणि काउन्सेलिंगला गेल्यावर कळलं की तिथे बारावीचं बघतात काय तर पीसीबीला ५० टक्के आहेत का, आरक्षित असाल तर ४०, बास. पुढचं सगळं नीटवर. ते ५० मला पहिल्याच वेळी होते! ७१ कडे कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. नीटचे मार्क त्या वर्षी पण पुरले नाहीत, मग अजून एक ड्रॉप, मग नाव ठेवलंय तसं.
तर आधी हे बघ की तुझ्या दारावरचं कुलूप बारावीच्या मार्कांचं आहे का. इंजिनिअरिंगला जायचं असतं तर मी म्हटलं असतं अजिबात बसू नकोस, तिथे पीसीएमला ४५ टक्के (आरक्षितला ४०) झाले की पुढचा नंबर सीईटीच्या पर्सेंटाइलवर, तुझे ३०० पैकी १७१ म्हणजे ५७ टक्के आहेत, विषय संपला. पण साध्या बीएस्सीला बारावीच्या मार्कांवरच यादी लागते, म्हणजे तुझं कुलूप खरं आहे. माझं नव्हतंच, मी भिंतीला किल्ली लावत होतो.

हट्टी
मी पण बसलेय आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही, म्हणून दुसरी बाजू.
६६ वरून ८१. सायन्समधून होते, पुढे बीए इकॉनॉमिक्स करायचं होतं आणि ठरावीक कॉलेजातच करायचं होतं. सगळे म्हणायचे कॉलेजने काय फरक पडतो, पुस्तकं तीच आहेत. पडतो फरक. आजूबाजूला बसणारी पोरं कशी आहेत, लायब्ररी संध्याकाळी उघडी असते का, शिकवणारा माणूस तासाला येतो का, याने फरक पडतो. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला रोज पडतो.
पण ते वर्ष कसं जातं ते पण ऐक. जुलैमध्ये मैत्रिणी कॉलेजला जायला लागल्या, ग्रुपवर फ्रेशर्सचे फोटो यायला लागले, आणि मी घरात तेच केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेली. पहिले दोन महिने मी अभ्यासच केला नाही, खोटं कशाला बोलू. येतंय की सगळं, एकदा झालंय की, असं वाटत राहतं. ऑक्टोबरात एक पेपर घड्याळ लावून लिहिला तर ७० पैकी ३१ आले, तेव्हा घाम फुटला. मग दर रविवारी सकाळी ११ ते २ एक पूर्ण पेपर, फोन आईकडे. बोर्डाचे जुने पेपर, नुसते वाचायचे नाहीत, लिहायचे. मार्क वाढले ते याच्याने, नवीन काही शिकून नाही.
आणि ओळखीचे लोक. लग्नात, गणपतीत, "सध्या काय करतेस?" याला एक उत्तर ठरवून ठेव आणि तेच सगळ्यांना दे. मी "परीक्षेची तयारी" म्हणायचे, लोक स्वतःच यूपीएससी समजून गप्प बसायचे.
हो, आणि वर्ष गेलं की पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशनला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, साधा कागद आहे.

पगारी_गुलाम
नोकरीच्या बाजूने दोन पैसे टाकतो. कॅम्पसला बऱ्याच आयटी कंपन्या दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे ६० मागतात. आमच्या वर्गात एकाला बारावीला ५८ होते, पोरगा आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार, पण फॉर्मच पुढे जायचा नाही, स्क्रीनवरच लाल. त्याने बारावी झाल्या झाल्या श्रेणीसुधारला बसायला हवं होतं, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला कळून काय उपयोग. तुला ६८ आहेत, तू त्या रेषेच्या वर आहेस, त्यामुळे या कारणासाठी तरी बसायची गरज नाही. एमपीएससी-यूपीएससीला तर पदवी लागते, बारावीचे टक्के कुणी विचारत नाही.

आई_ऑन_ड्यूटी
ताई तुमच्या धाग्यात घुसतेय, माफ करा, पण विषय तोच आहे. माझ्या मुलाला जेईई मेन्सला पर्सेंटाइल चांगलं आहे, एनआयटी मिळेल असं सगळे म्हणतायत, आणि बारावीला ७३.५ आलेत. ओपन कॅटेगरी. दोन वर्षं इंटिग्रेटेडला (क्लास आणि कॉलेज एकत्र) होता, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतंच बघितलं. तिथले सर म्हणायचे बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, पास झालं की झालं. आता ७५ नाहीत म्हणून रडतोय. त्याने श्रेणीसुधारला बसावं का?

दोनदा_ड्रॉप
@आई_ऑन_ड्यूटी इथे उत्तर उलटं आहे बघा. एनआयटी, ट्रिपल आयटीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, दोन्हीतलं एक लागतं. तर आधी ते दुसरं तपासा, बोर्डाचा वरच्या २० पर्सेंटाइलचा आकडा काय येतो ते बघा, तो ७५ च्या खाली आला आणि मुलगा त्यात बसला तर रडायचं कारणच नाही. नाहीच बसला तर त्याच्यासाठी श्रेणीसुधार म्हणजे दीड टक्क्याचा प्रश्न आहे, ६०० पैकी ९ मार्क, एवढ्यासाठी बसणं एकदम रास्त. फक्त जून-जुलैच्या परीक्षेचा निकाल येईस्तोवर जोसाच्या (म्हणजे एनआयटीच्या अ‍ॅडमिशनच्या) फेऱ्या आटोपलेल्या असतात, म्हणजे त्याचा उपयोग पुढच्या वर्षी. आणि अजून एक, बारावी परत दिली म्हणून जेईई अ‍ॅडव्हान्सचे (आयआयटीच्या परीक्षेचे) चान्स वाढत नाहीत. ते बारावीला पहिल्यांदा ज्या वर्षी बसला तिथून मोजतात, लागोपाठ दोन वर्षं, बास. आमच्या क्लासमध्ये एकजण याच भ्रमात होता.

आई_ऑन_ड्यूटी
९ मार्क... असं म्हटलं की किती लहान वाटतं. धन्यवाद भाऊ, आजच बघतो आम्ही.

मास्तर_निवृत्त
मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचो, पंचवीसेक वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, त्यामुळे जरा लांबण लागेल.
@काठावरची, तुझ्या मार्कांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. फिजिक्स ५८ म्हणतेस. त्यात ३० प्रॅक्टिकलचे, आणि प्रॅक्टिकलला कुणाला २८-२९ च्या खाली मिळालेले मी फार बघितले नाहीत. म्हणजे लेखी ७० पैकी तू साधारण २९-३० मिळवलेस. केमिस्ट्री ६१, तिथेही लेखीत ३१-३२. गणितात प्रॅक्टिकलचे २० बाजूला काढ, त्यातले १९ धर, म्हणजे ८० पैकी ३३. हे आकडे ऐकून वाईट वाटेल, पण माझ्या मते यात चांगली बातमी आहे. ज्याला ७० पैकी ५८ आहेत त्याला ६५ करताना दमछाक होते. ज्याला ३० आहेत त्याला ४५ करायला हुशारी लागत नाही, पद्धत लागते. हिशोब मांडून दाखवतो: गणित लेखी ३३ चे ६०, फिजिक्स २९ चे ४५, केमिस्ट्री ३१ चे ४६ झाले आणि बाकी तीन विषय जागेवर राहिले तर ५८ मार्क वाढतात, ४६७ होतात, ७७.८३ टक्के. म्हणजे एवढं सगळं जमूनसुद्धा तू ऐंशीच्या आतच. पुढचं भाषांमधून आणि भूगोलातून खेचावं लागेल आणि तिथे तू आधीच वर आहेस. हा हिशोब कुणी तुझ्यासमोर मांडला नसेल म्हणून मांडला.
आता जूनला बसायचं का. नको. निकाल जुलैअखेर-ऑगस्टात लागतो, आणि बीएस्सीच्या मेरिट याद्या मेअखेर-जूनपासून सुरू होऊन तोवर संपलेल्या असतात, राहिलेल्या जागांवर तुला हवं ते कॉलेज नसतं. शिवाय ३३ चे ६० दीड महिन्यात होत नाहीत. बसायचंच तर फेब्रुवारी. आणि फॉर्म तुझ्याच कॉलेजातून जातो, १७ नंबरचा फॉर्म भरू नकोस, तो शाळा सुटलेल्या खासगी विद्यार्थ्यांचा, दर वर्षी कुणीतरी ही गल्लत करतंच. कोणते विषय, प्रॅक्टिकलचं काय, हे ऑफिसात फॉर्म भरतानाच विचारून कागदावर लिहून घे, तोंडी नको.
पण या सगळ्याच्या आधी एक काम कर. गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीच्या उत्तरपत्रिकांची छायाप्रत मागव. पुनर्मूल्यांकन करायचं असेल तरी आधी छायाप्रतच घ्यावी लागते. मुलं ती मागवतात ती मार्क वाढतील या आशेने, आणि नाही वाढले की फाइल उघडूनसुद्धा बघत नाहीत. अगं तिच्यासारखी गाइड बाजारात मिळत नाही! तू कुठे घसरलीस ते तुझ्याच अक्षरात लिहिलेलं असतं. येत नव्हतं म्हणून गेलं, वेळ पुरला नाही म्हणून गेलं, की येत असून मांडलं नाही म्हणून गेलं, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हीची औषधं वेगळी. पहिल्याला वर्ष लागतं, दुसऱ्याला तीन महिने, तिसऱ्याला एक आठवडा. कुठला आजार आहे ते न बघता वर्ष घालवायचं, हे मला पटत नाही.
गणितात मी काय बघितलं ते सांगतो. पोरं ड विभागातल्या चार मार्कांच्या गणितांवर पडतात, आठातली पाच सोडवायची असतात, म्हणजे २० मार्क, आणि त्यात तास-सव्वा तास घालवतात. ब विभागात दोन-दोन मार्कांची बारातली आठ आणि क विभागात तीन-तीनची बारातली आठ, म्हणजे ४० मार्क, ते शेवटी घाईत. एक गणित अडलं की तिथेच कुंपणावर बसून राहायचं. पर्याय एवढे दिलेले असतात की एक सोडून पुढे जायला काहीच हरकत नसते, पण नाही, इरेला पेटतात. मग कच्चं काम उत्तराच्या मध्येच, सूत्र न लिहिता थेट आकडे, प्रश्नाचा क्रमांक चुकीचा. तपासणारा पायऱ्यांना मार्क देत असतो, पायरीच दिसली नाही तर त्याने द्यायचे कशाला?

रिकामटेकडा
मास्तर, तुम्ही आमच्या कॉलेजला का नव्हता. मी संपूर्ण पेपर कुंपणावर बसून काढला होता.

हट्टी
सरांचं बरोबर आहे पण ७७.८३ वर गाडी थांबेल असं का धरायचं? माझे १५ टक्के वाढले. भाषांचे पण वाढतात, मला इंग्रजीचे ६३ चे ७९ झाले. आणि कटऑफ दर वर्षी तोच राहतो असंही नाही.

मास्तर_निवृत्त
@हट्टी, तुझे वाढले, मान्य. पण तू ऑक्टोबरात शुद्धीवर आलीस, काहीजण येतच नाहीत. माझ्याकडे दर वर्षी एक-दोन असायचे, जुलैत पेढा देऊन जायचे "सर, आता बघा" म्हणून, आणि पुढच्या मेमध्ये रस्ता बदलून जायचे. मार्क तेवढेच किंवा दोन-चार इकडे तिकडे. त्यांच्यात काही कमी नव्हतं, वर्षभर घरात एकटं बसून अभ्यास करणं अठराव्या वर्षी फार अवघड असतं एवढंच.

पगारी_गुलाम
मधला रस्ता का नाही घेत? यंदा दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात बीएस्सी घे जिथे स्टॅट्स आहे आणि फेब्रुवारीत बारावीला पण बस. वाढले तर वाढले.

हट्टी
हे मी करून बघितलेल्या मैत्रिणीकडून सांगते, करू नका. एकतर दुसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास आणि बारावी एकाच वेळी. आणि वाढले तरी जायचं कुठे, नवीन कॉलेजात परत पहिल्या वर्षालाच जावं लागणार, म्हणजे वर्ष गेलंच. मधल्या मध्ये एलसी पहिल्या कॉलेजात जमा, ती सोडवून आणायला तिने किती फेऱ्या मारल्या ते तिलाच माहीत. एक काय ते ठरवायचं.

दोनदा_ड्रॉप
अजून एक विचारू का, तुला कॉलेज हवंय की स्टॅट्स हवंय? कारण स्टॅट्समध्ये खरा फरक एमएस्सीला पडतो असं माझा रूममेट म्हणतो, तो त्यातलाच आहे. त्याने बीएस्सी एका लहान गावातल्या कॉलेजातून केली, बारावीला ६५ का काहीतरी, आणि मग जॅम दिली. आयआयटीच्या एमएस्सीची जी प्रवेश परीक्षा असते त्यात मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर असतो. तिथे ना बारावी विचारतात ना बीएस्सीचं कॉलेज कुठलं ते, पेपर चांगला गेला पाहिजे. तीन वर्षं त्या पेपरचा अभ्यास बीएस्सीबरोबर आपोआप होतो. म्हणजे एक दार बंद आहे तर ते फोडायला वर्ष घालवायचं की तीन वर्षांनी त्याच घराच्या पुढच्या दाराने जायचं, एवढाच प्रश्न आहे.

काठावरची
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मला वाटलं होतं कुणी उत्तरच देणार नाही. सर, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून बाबांना दाखवला. बाबा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले छायाप्रतीचे पैसे मी भरतो. म्हणजे इंजिनिअरिंगचा विषय निदान आजपुरता मिटला.
@दोनदा_ड्रॉप, खरं सांगू, मी परवापर्यंत कॉलेज असंच म्हटलं असतं. ताई तिथे होती, तिच्यासोबत एकदा गेले होते, लायब्ररी बघितली आणि वेडी झाले. आता विचार करतेय. जून-जुलैचा फॉर्म भरत नाहीये, ते नक्की.

काठावरची
छायाप्रती आल्या, मेलवर. गणिताची उघडली. सर, तुम्ही म्हणालात तसं झालं आणि नाही पण.
ड विभागात मी खरंच खूप वेळ घालवलाय, पाचव्या गणिताची दोन पानं लिहून खोडलीयत आणि क विभागातली तीन गणितं लिहिलेलीच नाहीत. ते मला आठवत होतं. पण पहिल्याच पानावर जे बघितलं ते आठवत नव्हतं. अ विभागातले बहुपर्यायी, आठ प्रश्न दोन-दोन मार्कांचे. मी नुसतं अ, ब, क, ड लिहिलंय. उत्तर लिहिलंच नाहीये. आठातले पाच बरोबर आहेत, मी आज परत सोडवून बघितले, आणि पाचही ठिकाणी शून्य. आधी वाटलं तपासणाऱ्याने चूक केली, लगेच पुनर्मूल्यांकनाला टाकायला निघाले होते, मग प्रश्नपत्रिका काढली. वर छापलंय. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा, नुसतं एक लिहिलं तर मार्क नाहीत. छापलंय सर. तीन तास ते माझ्यासमोर होतं. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेला मी असंच लिहिलं होतं आणि तिथे मार्क मिळाले होते, त्यामुळे मला कधी कळलंच नाही.
दहा मार्क. मी काल रात्री हसत होते की रडत होते मला माहीत नाही.

रिकामटेकडा
आमच्या नमुन्याला आत्ता हा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणतो "मी पण तसंच लिहितो." पुढच्या वर्षी त्याची बारावी आहे. धन्य आहे.

मास्तर_निवृत्त
अगं रडू नकोस. हा तिसरा आजार आहे, आठवड्याचा. पुनर्मूल्यांकनाला ते दहा मार्क टाकू नकोस, सूचना छापलेली आहे, मिळणार नाहीत. छायाप्रत हातात आल्यापासून पाच कामाचे दिवसच असतात, त्यात फक्त एवढं बघ की क आणि ड मध्ये कुठे बरोबर पायरीला मार्क द्यायचे राहिलेत का, तसं असेल तरच टाक.
आणि क विभागातली राहिलेली तीन, ती येत होती का?

काठावरची
दोन येत होती. एक नव्हतं.
ठरवलंय असं: ज्या दोन कॉलेजांची यादी गेल्या वर्षी पासष्टच्या आसपास संपली तिथे फॉर्म भरलेत, दोन्हीकडे स्टॅट्स आहे. एकात तर प्रॅक्टिकलच्या बॅचेस लहान असतात असं तिथल्या एका मुलीने सांगितलं. मिळालं तर जाते. आई अजून म्हणतेय की थांब वर्षभर, आता तर कळलंय ना कुठे चुकलं ते. तिचं पण खोटं नाहीये, म्हणून जरा जड जातंय. @हट्टी, तुमचा मेसेज मी तीनदा वाचला, पण मी तुमच्यासारखी रविवारी ११ ते २ बसेन असं मला स्वतःबद्दल वाटत नाही.

हट्टी
हे स्वतःबद्दल मला त्या वर्षी माहीत असतं तर जुलै-ऑगस्ट वाचले असते. जा बिनधास्त. लायब्ररी कशी आहे ते कळव.

मास्तर_निवृत्त
बरं, एक राहिलंच. फिजिक्सच्या पेपरला बहुपर्यायी दहा असतात, एकेक मार्काचे. तिथे काय लिहिलंयस?

काठावरची
आत्ता उघडून बघितली.
दहाच्या दहा. नुसती अक्षरं.
केमिस्ट्रीची फाइल उद्या उघडते सर, आज नको.